हेडलाइट वॉशरचा पंप नवीन टाकूनही पुन्हा बंद पडतो, तेव्हा काय तपासायचं

विंडशील्डवर पाणी नीट येतं, पण बंपरमधल्या हेडलाइट वॉशरच्या तोट्या बाहेरच येत नाहीत. किंवा येतात, पण अर्ध्यावर अडतात आणि पाणी नुसतं ओघळतं. फ्यूज बघितला तर उडालेला, आणि नवा टाकला की पुढच्या वापराला तोही जातो. मग पंप बदलला जातो, काही महिने सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा तेच. पंप खराब होतो हे खरं, पण ज्या कारणाने तो खराब झाला ते टाकीत किंवा कनेक्टरमध्ये तसंच राहतं, म्हणून नवा पंपही त्याच वाटेने जातो. त्यात बदललेल्या पंपांपैकी काही मुळात चांगलेच असतात, त्यांच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नसतो एवढंच.

आधी बिघाड आहे का ते बघा

ही यंत्रणा विंडशील्डच्या वॉशरसारखी दर वेळी चालत नाही. लो बीम चालू असल्याशिवाय बहुतेक गाड्यांत ती चालूच होत नाही, नुसते पार्किंग लाइट पुरत नाहीत. बऱ्याच गाड्यांत दिवे लावल्यावर पहिल्या फवाऱ्याला हेडलाइट धुतले जातात आणि नंतर दर काही फवाऱ्यांनंतर एकदा. काहींत लिव्हर सेकंदभर किंवा जास्त ओढून धरावा लागतो, काहींत वेगळं बटण असतं. टाकीतलं पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की अनेक गाड्या हेडलाइट वॉशर आपणहून बंद ठेवतात, कारण एका फवाऱ्यात तो विंडशील्डच्या कित्येक पट पाणी खातो. पातळी दाखवणारा सेन्सर घाणीने अडकला तर टाकी भरलेली असूनही हेच होतं.

म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरा, इग्निशन आणि लो बीम चालू करा आणि लिव्हर दीर्घ ओढून सहा-सात वेळा चालवा. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी बंपरच्या बाजूला उभं राहून ऐकावं. समोर उभं राहू नये, फवारा चांगलाच जोरात असतो.

आवाजावरून निम्मं निदान होतं. क्षणभर मोठी घरघर ऐकू आली आणि तोट्या हलल्याच नाहीत, तर मोटर फिरते आहे. दोष पाण्याच्या वाटेत आहे: पंपाच्या तोंडाची जाळी तुंबलेली, नळी निसटलेली, टी-जोड (एका नळीचे दोन फाटे करणारा जोड) फुटलेला, किंवा पंपाचा आतला पंखा शाफ्टवर सैल झालेला. एकाच बाजूची तोटी येत नसेल तर पंप सोडून द्या, टी-जोडापासून त्या बाजूची नळी आणि तोटी बघा. बारीक गुणगुण येऊन लगेच थांबली तर मोटर जाम आहे. काहीच आवाज नसेल, पण फ्यूजपेटीतून रिलेची (पंपाला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) टक ऐकू येत असेल, तर करंट रिलेच्या पुढे कुठेतरी अडला आहे किंवा मोटर आतून तुटली आहे. टकही नसेल तर पंपाला हात लावण्याआधी फ्यूज, रिले आणि वर सांगितलेल्या अटी.

करंट पोचतो, पण किती?

या पंपाचा फ्यूज साधारण २० ते ३० अँपिअरचा असतो, विंडशील्डच्या पंपापेक्षा मोठा. नेमका आकडा फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा टाकू नका. तसं केलं की फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

बहुतेक जण इथे फसतात. पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले आणि निष्कर्ष निघाला की वायरिंग ठीक, पंप गेला. पण मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एकाच तारेवर टिकलेली गंजकी वायरही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. पंपाने करंट ओढायला घेतला की तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून कनेक्टरला भार लावूनच तपासा. हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब यासाठी उत्तम, तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्बला दोन वायर जोडून कनेक्टरच्या पिनांना लावा आणि वॉशर चालवा. बल्ब झगझगीत पेटला तर वायरिंग चांगलं. पिवळट, मंद पेटला तर पंप निर्दोष असू शकतो.

पंपाला करंट अगदी थोडा वेळ मिळतो आणि साध्या मल्टिमीटरचा आकडा तोवर स्थिरावतही नाही. मोजमाप करायचंच असेल तर रिले काढून त्याच्या जागी ३० आणि ८७ क्रमांकांच्या खाचा फ्यूज असलेल्या जाड वायरने जोडा, म्हणजे करंट सलग मिळेल. ८५ आणि ८६ या कॉइलच्या खाचा आहेत, त्यांना हात लावू नका. हे करताना पंपाचा कनेक्टर काढलेला असू द्या, भार बल्बचाच ठेवा. आता बॅटरीचा प्लस आणि कनेक्टरचा प्लस यांमध्ये मीटर लावा, मग बॅटरीचा मायनस आणि कनेक्टरचा मायनस यांमध्ये. कुठल्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या बाजूला आहे. अनुभवाने सांगायचं तर मायनसची बाजू आधी बघावी. अर्थिंगचा बोल्ट अनेकदा चाकाच्या कमानीजवळ किंवा हेडलाइटखाली असतो आणि चिखल-पाण्याचा पहिला मार त्यालाच बसतो. तो सोडा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा आणि वर ग्रीसचा पातळ थर द्या.

फ्यूज उडत असेल तर तपास आणखी सोपा. पंपाचा कनेक्टर काढून ठेवा, योग्य क्षमतेचा नवा फ्यूज टाका आणि वॉशर चालवा. तरीही उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडली आहे. बंपरच्या ब्रॅकेटपाशी आणि टाकीच्या मागे शोधा. आधी कधी बंपर काढला-बसवला असेल तर दबलेली वायर तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. उडाला नाही, तर दोष पंपात.

मोटर जाम का होते? मुख्य कारण म्हणजे वापरच नसणं. दिवसा दिवे लावत नाही, दिवे नाहीत म्हणून हेडलाइट वॉशर चालत नाही, आणि असे कित्येक महिने जातात. पंपाच्या शाफ्टवरचं सील कोरडं पडून आक्रसतं, त्याच्या कडेने थेंब थेंब पाणी मोटरमध्ये शिरतं, कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या कडीवर) हिरवट थर येतो, त्यावर घासणारे कार्बन होल्डरमध्ये चिकटतात. मग एके दिवशी दिवे लागतात, मोटर फिरत नाही, अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि फ्यूज उडतो. करंट चालू असताना पेचकसाच्या मुठीने पंपावर हलके ठोकलं तर ती कधी कधी सुटते. त्याने निदान पक्कं होतं, पंप दुरुस्त होत नाही. पुढच्या थंडीत तो दगा देणारच.

पंप काढताना

पंप टाकीच्या खालच्या बाजूला रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या रबरी कडीत) दाबून बसवलेला असतो. टाकी बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाच्या कमानीच्या पुढे, बंपरच्या कोपऱ्यात असते. काही गाड्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवून कमानीचं प्लॅस्टिकचं अस्तर अर्धं मागे वाकवलं की हात पोचतो. काहींत चाक काढावं लागतं, तर काहींत बंपर उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. तुमच्या गाडीचं काय, हे आधी शोधून ठेवा. बंपर काढायचा असेल तर कामाला अर्धा दिवस धरा.

जवळ हे असू द्या: जॅक, गाडी टेकवायचे स्टँड, चाकाचा पाना, टी२० आणि टी२५ टॉर्क्स, ८ आणि १० मिमीचे सॉकेट, प्लॅस्टिक क्लिप काढायचा चिमटा, १० लिटरची बादली, चिंध्या, साबणाचं पाणी, नवा ग्रोमेट आणि चार-पाच जादा क्लिपा. जुन्या क्लिपा काढताना तुटतातच.

गाडी सपाट, टणक जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय कमानीत डोकं घालू नका, नुसत्या जॅकवर कधीच नाही. इग्निशन बंद असू द्या.

अस्तर सोडल्यावर टाकीला दोन-तीन गोष्टी लावलेल्या दिसतील: विंडशील्डचा लहान पंप, हेडलाइटचा मोठा पंप आणि पातळीचा सेन्सर. मोठ्या पंपाची नळी जाड असते. काहीही काढण्याआधी फोटो घ्या आणि वायरींना चिकटपट्टीने खूण करा. काही गाड्यांत दोन्ही पंपांचे कनेक्टर एकसारखे असतात आणि सहज अदलाबदल होते.

टाकी आधी वरून सायफनने रिकामी करा. तसं केलं नाही तर पंप निघाल्याबरोबर सगळं पाणी त्या भोकातून बाहेर पडतं आणि हेडलाइट वॉशर असलेल्या गाड्यांच्या टाक्या मोठ्या असतात. कनेक्टरची जीभ दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका. नळीच्या टोकाला तारेची किंवा प्लॅस्टिकची कडी असते: ती दाबा किंवा उचला, नळी आधी थोडी आत ढकला, मग बाहेर ओढा. थंडीत ही प्लॅस्टिकं ठिसूळ होतात, कोमट पाण्यात भिजवलेली चिंधी दोन मिनिटं गुंडाळून ठेवली तर तुटत नाहीत. त्यानंतर पंप थोडा थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवत वर किंवा बाहेर काढा. मध्ये पेचकस घालून उचकटू नका, टाकीच्या भोकाला ओरखडा पडला तर नवा ग्रोमेटही गळतो.

टाकी साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू नका

अर्ध्या तासाचं हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि दुसरा पंप जाण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच.

पंप निघालेल्या भोकात टॉर्च मारून बघा. तळाशी बुळबुळीत साय, करडा गाळ किंवा पांढरी खर दिसेल. नुसतं पाणी भरून ठेवलं की त्यात जंतू वाढतात आणि तोच चिकट थर जाळीवर बसतो. कठीण पाण्यातले क्षार सुकून खर होते. भांडी घासायचा साबण टाकणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा: फेसामुळे पंपात पाण्याऐवजी हवा जाते, दाब तयार होत नाही, शिवाय हे साबण सुकल्यावर तोट्यांच्या बारीक भोकांत थर धरतात. वेगवेगळ्या प्रकारची वॉशर द्रव्यं एकत्र ओतल्यावरही कधी कधी गुठळ्या होतात.

जाळी तुंबली की पंप पुरेसं पाणी ओढू शकत नाही आणि जवळजवळ कोरडाच फिरतो. त्याच्या सीलला वंगण आणि थंडावा पाण्याचाच असतो. काही सेकंद कोरडं फिरणं त्याला सोसतं, पण दर वापराला तसंच झालं तर सील जळतं, पाणी मोटरमध्ये शिरतं आणि वर सांगितलेली सगळी साखळी पुन्हा सुरू होते.

ग्रोमेट काढा. जाळी बहुधा त्यालाच जोडलेली असते, नाहीतर पंपाच्या तोंडावर. वरून कोमट पाणी ओता आणि पंपाच्या भोकातून जाऊ द्या, स्वच्छ येईपर्यंत. उकळतं पाणी नको. बाटल्या धुवायचा लांब ब्रश भोकातून आत फिरवता आला तर छान. पांढरी खर असेल तर भोक बोळ्याने बंद करून पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं वीसेक मिनिटं ठेवा आणि नंतर भरपूर धुवा. ब्लीच वापरू नका, रबर आणि पंपाचे धातूचे भाग दोन्ही खराब होतात. थर फारच जाड असेल तर टाकी उतरवणंच बरं. दोन-तीन बोल्टांचा प्रश्न असतो.

नळ्याही विसरू नका. नळी पंपाच्या बाजूने तोंडाने फुंकून बघण्यात अर्थ नाही, तोट्यांमधली झडप तेवढ्या दाबाला उघडतच नाही. तोट्यांच्या बाजूची जोडणी सोडून नळीतून पाणी घालून बघा.

नवा पंप निवडताना

दिसायला सारखा म्हणून विंडशील्डचा पंप लावू नका. हेडलाइटच्या तोट्या पाण्याच्या दाबानेच स्प्रिंगविरुद्ध बाहेर सरकतात, लहान पंपाला तेवढा जोर नसतो. जुन्या पंपावरचा पार्ट नंबर जुळवा. नंबर पुसला असेल तर चार गोष्टी बघा: पाणी आत घेणाऱ्या नळकांड्याचा व्यास, बाहेरच्या तोंडाचा व्यास आणि दिशा, कनेक्टरचा आकार, आणि पिनांची प्लस-मायनस जागा. शेवटची गोष्ट लोक हमखास सोडतात. हा पंप उलटा फिरला तरी आवाज तसाच येतो, थोडं पाणीही फेकतो, पण दाब येत नाही, आणि मग नव्या पंपालाच नावं ठेवली जातात.

बसवण्याआधी बादलीत तपासा. फक्त पाणी ओढायचं तोंड बुडेल एवढाच पंप पाण्यात धरा, मोटर वर राहू द्या. १२ व्होल्टच्या बॅटरीला फ्यूज असलेल्या वायरने एक-दोन सेकंद जोडा. चांगला पंप बादलीबाहेर लांब धार फेकतो. जुना पंपही असाच तपासून बघा. त्याने तशीच धार फेकली तर तो टाकू नका आणि करंटच्या तपासाकडे परत जा.

ग्रोमेट नवाच घ्या. जुना वरून धड दिसला तरी आतून कडक झालेला असतो. आधी तो कोरड्या भोकात बसवा, कड सगळीकडून सारखी बसली का ते बोट फिरवून बघा, मग पंपाचं तोंड साबणाच्या पाण्यात बुडवून सरळ दाबा. इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि काही महिन्यांत गळायला लागतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. पंप पूर्ण आत गेला की हलकी टक जाणवते.

कनेक्टर

जुन्या कनेक्टरमध्ये हिरवा किंवा पांढरा थर दिसत असेल तर तो पुसून पुढे जाऊ नका. वायर टोकाला चार-पाच सेंटिमीटर कापून बघा. तांबं आतूनही काळं पडलं असेल तर ओल इन्सुलेशनच्या आतून वर चढली आहे आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जावं लागेल. नवा कनेक्टर जोडताना क्रिंप करा (धातूचं टोक वायरीवर दाबून बसवा) आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवा. काळी चिकटपट्टी इथे एक पावसाळाही काढत नाही. पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं, वीज न वाहणारं ग्रीस) थोडंसं. वायर कनेक्टरपाशी येताना खाली झोल देऊन मग वर जाईल अशी बांधा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही.

कनेक्टर पुन्हा पुन्हा गंजत असेल तर पाणी कुठून येतं ते शोधा. बऱ्याचदा वरच्या विंडशील्ड पंपाचा ग्रोमेट पाझरत असतो आणि थेंब नेमके खालच्या कनेक्टरवर पडत असतात. दोन्ही ग्रोमेट एकदमच बदललेले बरे.

भरा, हवा काढा, मगच अस्तर लावा

टाकी दोन लिटर भरून दहा मिनिटं थांबा आणि पंपाखाली कोरडा कागद धरा. तो कोरडाच राहिला की पूर्ण भरा. पहिले चार-पाच वापर तोट्या खोकल्यासारखं हवा-पाणी फेकतील, ते नैसर्गिक आहे. दोन वापरांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. नंतरही एक तोटी आळसावलेली असेल तर ती हाताने हळूच बाहेर ओढा, दांडी ओल्या चिंधीने पुसा आणि सिलिकॉन स्प्रे मारून चार-पाच वेळा आत-बाहेर करा. बाहेर राहिलेली तोटी दाबून आत ढकलायची नाही, ती वाकडी होऊन झाकणच तुटतं. फवारा लेन्सच्या मध्यभागी पडत नसेल तर तोटीचं तोंड बारीक सुईने अगदी किंचित वळवा, अर्थात तुमच्या गाडीत ते वळणारं असेल तर.

सगळं चालल्यावर अस्तर आणि चाक लावा, बोल्ट आडवे-तिडवे आवळा आणि शेवटची आवळणी गाडी खाली उतरवल्यावर, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने.

पुढे महिन्यातून एकदा लो बीम लावून हा वॉशर मुद्दाम चालवा, उन्हाळ्यातही. सील ओलं राहतं, कार्बन चिकटत नाहीत. टाकीत तयार वॉशर द्रव भरा आणि त्यावर पॉलिकार्बोनेट लेन्सला चालतं असं लिहिलेलं बघून घ्या. जिथे पाणी गोठतं तिथे थंडी सुरू होण्याआधी न गोठणारं द्रव टाकून दोन-तीन फवारे मारा. नुसतं टाकीत ओतून भागत नाही, कारण पंपात आणि नळीत जुनंच पाणी उरतं आणि बर्फ झाल्यावर पंपाचं कवच तिथेच तडकतं.

पंप लगेच मिळत नसेल आणि जुना गळत असेल, तर त्याचा फ्यूज काढून ठेवा आणि ग्रोमेटच्या भोकात मापाचं रबरी बूच घट्ट बसवा. विंडशील्डचा वॉशर त्याच टाकीवर नेहमीसारखा चालत राहील. कायमचं मात्र असं ठेवू नका. संयुक्त राष्ट्रांचा वाहनविषयक नियम क्रमांक ४८ ज्या देशांत लागू आहे, तिथे लो बीमचा प्रकाशस्रोत २००० ल्यूमेनपेक्षा (ल्यूमेन म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त असेल तर हेडलाइट साफ करणारी यंत्रणा लागते, आणि ३५ वॅटचे झेनॉन दिवे साधारण ३२०० ल्यूमेनचे असतात. मळलेल्या काचेतून एवढा प्रकाश विखुरला की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.